आपल्या नळाचे पाणी आणि शेकरूचे घर

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावर सर्व माणसांचा सारखा हक्क आहे, हे जगाला दाखवून दिले. तो हक्क मिळवणाऱ्या समाजाने आपले पाणी कुठून येते, हेही जाणून घेतले पाहिजे.

जालना शहराला आणि अंबड-घनसावंगीच्या शिवाराला जायकवाडीचे पाणी मिळते. या धरणात गोदावरीबरोबर प्रवराही येते. प्रवरा आणि तिला मिळणारी मुळा या दोन्ही नद्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत जन्मतात. तिथेच 1986 साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे 361 चौरस किलोमीटर. राज्यातील सर्वांत उंच, 1646 मीटरचे कळसूबाई शिखर इथलेच.

आपल्या जिल्ह्यापेक्षा तिथल्या घाटमाथ्यावर कितीतरी पट पाऊस पडतो. डोंगर उघडा असता तर हे पाणी माती घेऊन धावत सुटले असते. पण हिरडा, जांभूळ, कारवीचे दाट रान पावसाचा मार झेलते, पालापाचोळा पाणी जिरवतो, आणि पाऊस सरल्यावरही झरे वाहत राहतात. 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या आयाबहिणींना याचे मोल सांगायला नको.

या रानात बिबट्या, तरस, भेकर, उदमांजर राहतात. आपला राज्यप्राणी शेकरूही इथला. ही मोठी खार उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधते, फांदीवरून फांदीवर उड्या घेते आणि क्वचितच जमिनीवर उतरते. मधली चार झाडे तुटली की तिची वाट बंद होते.

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, कासव, वटवाघूळ अशा प्राण्यांना अभय दिले आणि विनाकारण रान पेटवण्यास मनाई केली. करुणा माणसापाशी थांबत नाही, हा तथागतांचा धम्म त्याने राज्यकारभारात उतरवला.

मात्र करुणेच्या नावाखाली गरिबावर अन्याय नको. महादेव कोळी, ठाकर बांधव पिढ्यान्‌पिढ्या या रानात राहतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांचे हक्क मान्य केले आहेत. ते हक्क पाळूनच जंगल राखले पाहिजे.

मृगाच्या तोंडावर काजवे पाहायला तिकडे मोठी गर्दी होते. आपल्या तरुणांनी जरूर जावे. पण गाडीचे दिवे आणि टेपचा आवाज बंद ठेवावा. काजवे उजेडानेच जोडीदार शोधतात. प्लास्टिक परत आणावे, फांदी तोडू नये. मुलांना सांगावे: बाळांनो, आपल्या माठातल्या पाण्याची सुरुवात या झाडांच्या मुळाशी आहे.