गोळी सोडा, पुंगळी बघा!

‘अरे दादा, सगळ्यात मोठं काडतूस घे आणि मोकळा हो!’ ठाण्याहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मी हा सल्ला थेट टेक्सासला दिला. पलीकडे माझा आतेभाऊ. त्याला नवं वेड लागलंय, एक्स्ट्रीम लाँग रेंज नेमबाजीचं. म्हणजे किती लांब? एक मैल, 1600 मीटर. डोंबिवली स्टेशनवर उभं राहून साधारण ठाकुर्लीला टांगलेली लोखंडी पाटी वाजवायची!

डिसेंबरमध्ये त्याची पहिली स्पर्धा. बजेट एका रायफलचं आणि शंभर पुंगळ्यांचं. काडतुसाची जात एकदा ठरली की चेंबर, बॅरल, पुंगळ्या सगळं त्याच मापाचं. चुकलं की पैसे पाण्यात. रायफल त्याची, पैसे त्याचे, एक्सेल शीट माझी. आयटीवाल्याला दुसरं येतं काय?

तीन कॉलम केले. पहिलं 6.5 क्रीडमूर, 2007 साली आलेलं. धक्का कमी, बॅरल जास्त टिकतं. पण साधारण 1200-1300 मीटरच्या आसपास गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ येतो आणि तिथे ती डळमळू शकते. शेवटच्या कॉलममध्ये .375 शायटॅक. दोन किलोमीटरपलीकडेही दम टिकतो, पण रायफल जड, धक्का दणकून आणि प्रत्येक बार खिसा कापणारा. मधल्या कॉलममध्ये .338 लापुआ मॅग्नम. माझं बोट अर्थातच शायटॅकवर होतं.

रविवारी चहाला खालच्या मजल्यावरचे काका आले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. (2021 पासून ती यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये आहे.) लॅपटॉपवर नजर टाकून म्हणाले, ‘गोळी राहू दे रे. पुंगळी कोणाची घेणार?’

‘काका, पुंगळी काय, पितळेचीच ना?’

‘अरे, तिथंच तर सगळं आहे!’

मग क्लास सुरू. पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त. आधी वाटीसारखा कप, मग तो ओढत ओढत लांब करायचा. ‘पुण्याच्या तांबट आळीत बघितलंयस? भांडं ठोकलं की कडक होतं, मग परत तापवून मऊ करतात. इथंही तेच. तळ कडक हवा, मान मऊ.’ बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि गॅस मागे येऊ देत नाही. तळ मऊ असेल तर प्रायमरचा खळगा सैल होतो आणि पुंगळी बाद.

.338 लापुआचा इतिहासच याचा पुरावा. 1980च्या दशकात अमेरिकेत .416 रिग्बीच्या पुंगळीवरून हे काडतूस बनवायला घेतलं, पण पुंगळीला दाब सोसेना. फिनलंडच्या लापुआ कंपनीने तळ जाड आणि कडक करून ती नव्याने घडवली, तेव्हा कुठे काडतूस चाललं.

आणि अचूकपणा? पुंगळीच्या आतली जागा कमी-जास्त असेल किंवा मानेची पकड वेगळी असेल, तर दारू तेवढीच असूनही वेग बदलतो. फरक फक्त एक टक्का, सेकंदाला आठेक मीटर. पण मैलभरावर गोळी साधारण अर्धा मीटर वर-खाली! शायटॅकच्या पुंगळ्या एकसारख्या नसतील तर त्याचा रुबाब काय कामाचा?

त्या रात्री मी शीट बदलली. .338 लापुआ, एकाच लॉटच्या शंभर पुंगळ्या, सगळ्या वजन करून निवडलेल्या. उरलेले पैसे सरावाला.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस जवळ ठेवता येत नाही, घरी बनवणं तर दूरच. पण एकसारखेपणाचा नियम इथेही तोच. 1 ऑगस्ट 2024ला पॅरिसमध्ये 451.4 गुण मिळवून ब्राँझ जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा आपल्याच मध्य रेल्वेत टीसी! त्याच्या 50 मीटर रायफल प्रकारात .22 काडतूस लागतं. ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून या प्रकारातले नेमबाज वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि आपल्या बॅरलला मानवणारा निवडतात.

डिसेंबरमध्ये रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लागला. काका चष्मा पुसून शेजारी बसलेले. बार झाला. गोळीला तीन सेकंद, परतीच्या आवाजाला आणखी पाच. आठ सेकंद घरात कोणी श्वास घेतला नाही.

टण्ण!

पाचपैकी दोन लागल्या. दादा नाचत होता. काका म्हणाले, ‘त्याला सांग, पुंगळ्या जपून ठेव. पुढच्या वेळी त्याच लागतील.’