जाळरेषेवरचं पेट्रोल

मार्चमध्ये मेळघाटातल्या सेमाडोहच्या जंगलात सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. वणवा धरतो तो यांनाच. मोहफुलं वेचायला जागा मोकळी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला कुणी पेटवतं, कुठे बिडी न विझवता टाकली जाते, आणि सिपना नदीकडचा अख्खा उतार काळा पडतो. म्हणून १५ फेब्रुवारी ते १५ जून, आगीच्या हंगामात, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, पानांपासून मोकळ्या ठेवायच्या असतात. फांद्यांच्या झाडूनं दिवसभर चालणारं हे काम पाठीवरचा ब्लोअर भराभर उरकतो.

पण हा ब्लोअर पेट्रोलवर चालतो, आणि आजूबाजूला पेट घ्यायला टपलेलं जंगल. त्यामुळे टाकी भरण्याची रीत मी बारकाईनं पाहत राहिलो. टाकी संपली की फायर वॉचर पोरं यंत्र उघड्या मातीवर, पानं झाडलेल्या जागी ठेवतात. लगेच कुणी कॅन उघडत नाही. ‘मशीन थंडी होऊ द्या भाऊ, मंग टाका,’ त्यांच्यातला जुना माणूस म्हणाला. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी पुरे. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते, दूरची ठिणगीही तिला गाठते.

ब्लोअरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. पन्नासास एक म्हटलं तर लिटरला २० मिली, पंचवीसास एक म्हटलं तर ४०. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतलं धरावं, अंदाजानं ओतू नये. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काजळतो.

खरी अडचण साठवणीची. पंप परतवाड्याला, घाटाखाली. म्हणून एकदम भरपूर आणून ठेवायचा मोह होतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर छोट्या इंजिनांचे बरेच निर्माते १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं, आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. महागडं पेट्रोल घेण्यापेक्षा ताजं घेणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आठवड्याला लागेल तेवढंच आणावं, आणि मिसळावं त्या दिवसापुरतं.

कायद्यानं परवान्याशिवाय, विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत तर कधीच भरू नये. कॅन काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडावी, सावलीत, चुलीपासून लांब ठेवावा, वर तारीख लिहावी.

मेळघाटात पाऊस लागला की टाकी रिकामी करायची, आणि कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवायचं. न मिसळलेलं जे उरेल ते मोटारसायकलच्या टाकीत जातं, आणि कॅन कोरडा करून, बूच लावून खोलीत ठेवला जातो.