हंगामाचा विजेता

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम वेग येतो. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मानकरी केवळ वेगाच्या बळावर ठरत नाही. तो कसा ठरतो, हे या पाठात पाहू.

भारतात या क्रीडाप्रकाराचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था करते. राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमुख केंद्र चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै येथे आहे. १९९० साली सुरू झालेल्या तेथील शर्यतमार्गाची लांबी ३.७१७ किलोमीटर आहे. २०११ मध्ये उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडा येथे, बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट उभे राहिले. तेथेही राष्ट्रीय स्पर्धांच्या काही अंतिम फेऱ्या झाल्या आहेत.

या स्पर्धेत अनेक गट असतात. त्यांपैकी ‘टूरिंग कार’ गटातील मोटारी आपल्या ओळखीच्या असतात. होंडा सिटी, मारुती एस्टीम किंवा पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो अशा नेहमीच्या मोटारींत नियमांनुसार बदल केले जातात. आतील अनावश्यक सामान काढून टाकतात. मोटार उलटली तरी छत दबू नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात. चालक शिरस्त्राण व अग्निरोधक पोशाख घालतो आणि रुंद पट्ट्यांनी आसनाशी बांधलेला असतो.

हंगामात अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक शर्यतीतील क्रमांकानुसार गुण मिळतात. समजा, पहिल्यास १०, दुसऱ्यास ८ गुण आहेत. एका चालकाने चारपैकी दोन शर्यती जिंकल्या, पण उरलेल्या दोन्हींत त्याची मोटार बंद पडली, तर त्याचे गुण २० होतात. चारही वेळा दुसरा आलेला चालक मात्र ३२ गुण मिळवतो. म्हणजेच एकदा चमकण्यापेक्षा प्रत्येक वेळी शर्यत पूर्ण करणे अधिक मोलाचे ठरते. मोटार, टायर आणि स्वतःचे चित्त जपणारा चालकच अखेरीस पुढे जातो.

या वेगावर नियमांचा अंकुश असतो. पिवळे निशाण दिसताच वेग कमी करावा लागतो; तेथे दुसऱ्याला ओलांडता येत नाही. लाल निशाण दिसले की शर्यत थांबते.

एवढी दक्षता घेऊनही धोका संपत नाही. २०२२ च्या हंगामाची एक फेरी ८ जानेवारी २०२३ रोजी इरुंगट्टुकोट्टै येथे सुरू होती. त्या वेळी के. ई. कुमार या ५९ वर्षांच्या अनुभवी चालकाची मोटार दुसऱ्या मोटारीला धडकून मार्गाबाहेर गेली आणि उलटली. शर्यत तत्काळ थांबवण्यात आली. त्यांना मोटारीतून बाहेर काढून रुग्णालयात नेण्यात आले. परंतु त्यांचे प्राण वाचू शकले नाहीत. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. एका जिवापुढे गुणांचा हिशेब थांबला.

ही घटना आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे. जेथे पोलादी पिंजरा आहे, सर्व मोटारी एकाच दिशेने धावतात, वळणावळणावर निशाणधारी उभे आहेत आणि वैद्यकीय पथक सज्ज आहे, तेथेही वेग जीव घेऊ शकतो. मग ज्या रस्त्यावरून मुले शाळेत जातात, वृद्ध माणसे पलीकडे जाऊ पाहतात, तेथे शर्यत लावणे हे शौर्य कसे म्हणावे? वेगाची जागा शर्यतमार्गावर आहे. रस्त्यावर सर्वांनी सुखरूप घरी पोहोचणे हाच खरा विजय होय.