गतकाळाची उलटतपासणी

‘१९९३ साली इन्फोसिसचे शंभर शेअर घेऊन ठेवले असते तर?’ ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लोकलच्या डब्यात या एका ‘तर’वर किती स्टेशने सरली असतील, याचा हिशेब नाही. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर उसासा टाकून दिले जाई. आता ते संगणक देतो. शेअरबाजाराचे जुने भाव वाचणारी सॉफ्टवेअर मिळतात. त्यांना एक नियम सांगायचा आणि तो नियम गेली वीस-तीस वर्षे पाळला असता तर काय झाले असते, हे विचारायचे. या प्रकाराला ‘बॅकटेस्टिंग’ म्हणतात. मराठीत त्याला उलटतपासणी म्हणायला हरकत नाही. शब्द कोर्टातला आहे, पण इथेही उत्तर ऐकण्याआधी साक्षीला कोण उभे आहे ते पाहावे लागते.

सर्वांत सोपा नियम म्हणजे ‘घ्या आणि ठेवा’. पहिल्या दिवशी खरेदी करायची, मध्ये काही विकायचे नाही आणि शेवटच्या दिवशीच्या भावाने मोजणी करायची. निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेल्या माणसाला हा नियम फार आवडतो, कारण त्यात रोज डोके शिणवावे लागत नाही. पुतण्या पडद्यावर वर चढत जाणारी रेघ दाखवतो आणि विचारतो, ‘‘काका, बँकेत ठेवून काय मिळणार?’’ सारी नोकरी बँकेत झाल्यामुळे हा प्रश्न मला जरा लागतो. पण रागावण्यापेक्षा त्या रेघेला चार प्रश्न विचारलेले बरे.

पहिला प्रश्न, जुने भाव नीट जुळवून घेतले आहेत का? इन्फोसिसने १९९३ साली आपला शेअर लोकांना ९५ रुपयांना देऊ केला होता. तेव्हा शंभर शेअर घेऊन जो गप्प बसला, त्याच्याकडे वेळोवेळी मिळालेले बोनस आणि एकदा झालेले विभाजन धरून २०१८ सालापर्यंत १,०२,४०० शेअर झाले. एकास एक बोनस मिळाला की शेअर दुप्पट होतात आणि भाव साधारण निम्म्यावर येतो. हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल तर ‘आज निम्मे भांडवल बुडाले’ असे लिहून ते मोकळे होते. लाभांश आणि दलालीचेही तसेच. लाभांश विसरला तर कमाई असते त्यापेक्षा कमी दिसते, दलाली विसरली तर जास्त.

दुसरा प्रश्न, मोजणी कोणत्या दिवसापासून केली? मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स २२ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी रोखे घोटाळ्याची बातमी छापून आली आणि हर्षद मेहताचे नाव घरोघरी पोचले. एप्रिल २००३ च्या अखेरीस तोच सेन्सेक्स ३,००० च्याही खाली होता. म्हणजे त्या शिखरावर घातलेल्या दहा हजार रुपयांचे, लाभांश सोडून, अकरा वर्षांनी सुमारे साडेसहा हजार उरले. तीच रक्कम दरसाल नऊ टक्के चक्रवाढीने वाढली असती तर पंचवीस हजारांच्या वर गेली असती. उलट २००३ च्या एप्रिलअखेर सुरुवात करणाऱ्याचे पैसे जानेवारी २००८ पर्यंत सातपट झाले. नियम तोच, कॅलेंडरचे पान तेवढे वेगळे.

१९९२ च्या शिखरावर अडकलेला माणूसही शेवटी तरला असता. सप्टेंबर २०२४ मध्ये सेन्सेक्स ८५,८०० च्या पुढे बंद झाला, तेव्हा त्याच्या पैशाचे एकोणीसपट झाले होते. पण त्यासाठी बत्तीस वर्षे लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन पैसे घातले असतील, तर हे एकोणीसपट पाहायला तो नव्वदीचा झालेला असणार.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. साक्षीला कोण आलेले नाही? आजच्या यादीतल्या कंपन्या घेऊन मागची वीस वर्षे तपासली, तर तपासणी फक्त जगलेल्यांची होते. ज्या बुडाल्या, त्या यादीतच नसतात. आपल्या भागात हे गैरहजर साक्षीदार शोधायला लांब जावे लागत नाही. आंबिवलीजवळ मोहन्याला एन.आर.सी. होती. रेयॉनचा एवढा मोठा कारखाना २००९ साली बंद पडला आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. तिचे शेअरही कोणीतरी कधीतरी ‘घ्या आणि ठेवा’ म्हणूनच घेतले असणार. ‘पद्मिनी’वाल्या प्रीमियर कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि डोंबिवलीच्या कारखान्यातून ३०९ ही गाडी काढली. तो संसार १९९७ पर्यंत मोडलाही.

‘‘पण सेन्सेक्स तर वाढतच गेला ना?’’ असे पुतण्या म्हणेल. गेला खरा, पण सेन्सेक्स स्वतः हा नियम पाळत नाही. तीस कंपन्यांच्या या टोपलीतून नासकी फळे काढून नवी भरली जातात. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तर तीसपैकी पंधरा कंपन्या एकदम बदलल्या. बाहेर पडलेल्यांत कळव्याचे मुकंद आणि सीमेन्स होते, शहाडला रेयॉन बनवणारी सेंच्युरी होती, ठाण्यात कारखाना असलेली व्होल्टास होती आणि प्रीमियरही होती. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या ओळखीच्या पाच पाट्या एका फटक्यात खाली उतरल्या. यातही गंमत अशी, की बाहेर काढलेले सगळेच नासके नव्हते. सीमेन्स आणि व्होल्टासची पुढे भरभराट झाली, तर मुकंदने बरीच वर्षे कर्जाच्या ओझ्याखाली काढली. कळव्याच्या या दोन शेजाऱ्यांपैकी कोण वर जाणार, हे १९९६ साली रस्त्यावर उभे राहून कोणाला सांगता आले असते? आज सॉफ्टवेअर ते सांगते, कारण त्याला पुढचे पान वाचलेले असते.

चौथा प्रश्न, धरून कोण ठेवणार? संगणकाचा हात थरथरत नाही. जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला ८,५०९ वर बंद झाला. पडद्यावरच्या रेघेत ही बोटभर खाच दिसते. ज्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचे दहा लाख दहा महिन्यांत चार लाखांवर आले, त्याच्या घरी ती खाच जेवणाच्या ताटापर्यंत येते. पूर्वी लोक शेअर धरून ठेवत, त्यात सोयीचा भागही मोठा होता. कागदी सर्टिफिकेट ट्रंकेत पडलेले असे. विकायचे म्हटले की हस्तांतराचा फॉर्म भरा, सही जुळली नाही म्हणून परत आला तर पुन्हा पाठवा. १९९६ नंतर डिमॅट आले, कटकट गेली आणि तिच्याबरोबर सक्तीचा संयमही गेला. आता घाबरलेला माणूस मोबाइलवर एका मिनिटात विकून मोकळा होतो.

शिवाय घरच्या गरजा सेन्सेक्स पाहून येत नाहीत. मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, जुनी इमारत पाडून नवी होईतोवर भरायचे भाडे, यांतले काहीही २००३ किंवा २००८ सालीच दाराशी येते. त्या दिवशी ‘घ्या आणि ठेवा’चे ‘विका’ होते, आणि भाव बाजार ठरवतो.

म्हणून उलटतपासणी जरूर करावी, पण ती पुरी करावी. पुतण्याला एकच सुरुवात न घेता १९९२, २००० आणि २००८ अशी वेगवेगळी साले घालायला सांगावे, आणि सर्वांत चांगल्या उत्तराऐवजी सर्वांत वाईट उत्तर मोठ्याने वाचायला लावावे. ते ऐकूनही रात्री झोप लागेल आणि दहा-बारा वर्षे ज्याला हात लावावा लागणार नाही, एवढाच पैसा या नियमाच्या हवाली करावा. उरलेला बँकेत ठेवला म्हणून पुतण्या हसला, तर त्याला हसू द्यावे.