दगडावरची जहाजे

मुलांनो, अंबरनाथचे शिवमंदिर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उल्हासनगरहून किंवा बदलापूरहून ते फार दूर नाही. वालधुनी नदीच्या काठचे हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातले. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष कोरलेले आहे.

शिलाहारांचे राज्य उत्तर कोकणात होते. अरब प्रवासी अल-मसऊदी ९१६ साली चौल बंदरात आला, तेव्हा तेथे झंझ नावाचा राजा होता. तो शिलाहारच. बंदरांत मालावर जकात मिळे. त्यामुळे बंदरांसाठी लढाया होत, कधी कधी थेट समुद्रावरही.

जमिनीवरच्या रणांगणात बाणांची टोके, हाडे असे काही सापडू शकते. पाण्यावर काय उरणार? लाकडी जहाज बुडते, कुजते, गाळात जाते. म्हणून संशोधक किनाऱ्यावरच्या गावांतही शोध घेतात. देवळामागे, तळ्याकाठी, झाडाखाली पडलेला प्रत्येक कोरीव दगड ते पाहतात, मोजतात आणि त्याची जागा नकाशावर लिहितात. दगड नोंद न करता हलवला, तर तो कोठला हे पुन्हा कळत नाही.

बोरिवलीजवळच्या एक्सर गावात असेच सहा दगड होते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद आहे : आमराई, मोठे तळे आणि त्याच्या काठी ओळीने उभे दगड. आज तेथे चहूकडे इमारती आहेत. ती जुनी नोंद म्हणूनच मोलाची.

हे दगड म्हणजे वीरगळ, लढाईत मेलेल्या वीरांची स्मारके. उर्दू आपण उजवीकडून वाचतो, मराठी डावीकडून. वीरगळ मात्र खालून वर वाचायचा! खाली लढाई, वर वीराचा स्वर्गप्रवास, शेवटी शिवलिंगाची पूजा. एक्सरच्या काही वीरगळांवर डोलकाठ्यांची जहाजे आहेत. वल्ह्यांची रांग दिसते, वर सैनिक लढत आहेत.

ही लढाई कोणती? दगडांवर नावे वाचता येत नाहीत. काहींच्या मते ती माळव्याच्या भोज राजाच्या स्वारीतली, इ. स. १०२० च्या सुमाराची. दुसरे म्हणतात, ती १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेव आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झाली. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिले आहे. मला दुसरे मत अधिक पटते, पण वाद अजून मिटलेला नाही.