ट्रॉली कोणती घ्यावी?

दारात ट्रॅक्टर आला की पुढचा प्रश्न उभा राहतो. त्याला ट्रॉली कोणती जोडावी? दोन चाकांची की चार चाकांची? पुष्कळ जण विचारतात, "जास्त माल कोणती नेते?" आम्ही म्हणतो, आधी दुसरे विचारा. भरलेली ट्रॉली उतारावर थांबेल का?

आपली बैलगाडी आठवा. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. म्हणून शहाणा गाडीवान माल आखावर तोलून भरतो. मानेवर भार थोडाच ठेवतो.

दोन चाकी ट्रॉलीचेही असेच आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, एवढेच. ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर पडतो. तो उपयोगाचा असतो. चिखलात चाके कमी घसरतात. पण हा भार फार झाला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. मग स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर नीट वळत नाही. ही ट्रॉली मागे घ्यायला सोपी असते. शेणखत, मुरूम, कांदा असा घरचा माल जवळपास न्यायचा असेल तर ती बरी. डंपिंगची घेतली तर फावडे मारायचे कष्ट वाचतात. मात्र ती उचलताना जमीन सपाट हवी, आणि वर विजेच्या तारा नसाव्यात.

चार चाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते. तिच्यात माल जास्त मावतो. ऊस कारखान्यावर न्यायचा, रस्ता पक्का आणि सपाट, अशा ठिकाणी ती सोयीची. पण तिचा पुढचा आखही फिरतो, म्हणून ती मागे घेणे अवघड जाते. आणि ट्रॉलीला ब्रेक नसेल, तर उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मोठी चार चाकी ट्रॉली घेतली. ब्रेकचे पैसे वाचवले. ट्रॅक्टर चढावर ती सहज ओढी. तो म्हणायचा, "बघा गुरुजी, कशी पळतीय!" एकदा उसाने भरलेली ट्रॉली घेऊन मुलगा ओढ्याच्या उताराला लागला. त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर अडला, पण ट्रॉली अडली नाही. तिने ट्रॅक्टर आडवा करून उलटवला. मुलाचा जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हा ट्रॉली ब्रेकसहितच घ्यावी. माल थोडा कमी बसला तरी चालेल.

आता वजनाचा हिशेब. ट्रॉलीच्या आर. सी. वर रिकामे वजन आणि भरलेले वजन लिहिलेले असते. आपल्याला आता वाचता येते, तर ते वाचावे. समजा, भरलेले वजन ६ टन आणि रिकामे दीड टन आहे. मग माल साडेचार टनच भरता येईल. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक ब्रास वाळू साधारण तेवढीच भरते. ओली असेल तर जास्तच. कडब्याने मात्र ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन कमी असते. म्हणून नुसती उंची पाहून माल भरू नये. मग ट्रॅक्टरचे पुस्तक पाहावे. एवढे वजन त्याला झेपते का, ते त्यावरून ठरवावे.

रस्त्यावर जाताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे असतात. रस्त्यावर ते कडीने एकत्र जोडावेत. नाहीतर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

२. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल कधीही करू नये.

३. जोडणीच्या पिनेला खीळ घालावी. शिवाय साखळीही लावावी.

४. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि लाल चकाकणारी पट्टी हवी. अंधारात उभी ट्रॉली न दिसल्याने मागून येणारा माणूस जिवाला मुकतो. ऊस बाहेर लोंबून पट्टी झाकली जात नाही ना, हेही पाहावे.

ट्रॉलीचा विसार देण्याआधी शेतापासून बाजारापर्यंतची वाट एकदा पायी चालून बघावी. चिखल कुठे, वळण कुठे, उतार किती, हे ध्यानात घ्यावे. मग त्या वाटेला साजेल अशीच ट्रॉली घ्यावी. शेजाऱ्याची मोठी आहे म्हणून आपलीही मोठी घेऊ नये.