तंबाखूमुक्तीचे साहाय्य : वैद्य आणि औषधालय यांचे कर्तव्य

प्रभू वैद्यनाथाच्या परळीत तंबाखूचे व्यसन सिगारेटपेक्षा विडी, चुन्यासह मळलेली तंबाखू आणि मिश्री या रूपांतच अधिक आढळते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणून रुग्णास केवळ "विडी ओढता का?" असे विचारून भागत नाही. स्त्री रुग्णास मिश्रीविषयी आवर्जून, पण संकोच न वाटेल अशा रीतीने विचारावे.

याच सर्वेक्षणातील देशपातळीवरील आकडे आपल्या व्यवसायास अंतर्मुख करणारे आहेत. वर्षभरात चिकित्सकाकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना आणि धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी अवघ्या ३१.७ टक्क्यांना व्यसन सोडण्याचा सल्ला मिळाला होता.

उपलब्ध साहाय्य

२००७-०८ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हास्तरावर समुपदेशनाची तरतूद आहे. परंतु बीडला जाऊन येण्यात परळीच्या मजुराची दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोड कामगार तर दसऱ्यानंतर गाव सोडतो तो उन्हाळ्यातच परततो. अशांना २०१६ पासूनची राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा, १८००-११-२३५६, फडातूनही उपयोगी पडू शकते. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावर छापण्याचे बंधन आले. तथापि सुटी विडी घेणाऱ्यास वेष्टन दिसत नाही, आणि ज्यास अक्षरओळख नाही त्यास क्रमांक दिसूनही उपयोग नाही. तो चिकित्सापत्रावर लिहून द्यावा. शक्य तर आपल्यासमोरच लावून द्यावा.

वैद्याचे कार्य

अहितकर सवय एकाएकी न सोडता अंशाअंशाने सोडावी व तिच्या जागी हितकर सवय रुजवावी, हा पादांशिक क्रम चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितला आहे. तंबाखूच्या बाबतीत त्यास पूर्णत्यागाच्या निश्चित दिवसाची जोड द्यावी, अन्यथा 'कमी केली आहे' यावरच रुग्ण समाधान मानतो. चिडचिड, निद्रानाश व मलावष्टंभ ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत तीव्र असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. "तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार आपल्या नित्य परिचयाची आहे. तेथे कोष्ठ पाहून त्रिफळा, कोष्ण जल व आहाराचे नियम यांची योजना करावी. याच क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने अनेकांचा निश्चय मोडतो. बडीशेप वा ज्येष्ठमध मुखात धरण्यास द्यावे, पण तो केवळ पर्याय आहे, व्यसनाची चिकित्सा नव्हे, हे स्पष्ट सांगावे. सुपारी मात्र देऊ नये; ती स्वतःच कर्करोगकारक आहे. पूर्णत्यागाच्या दिवसानंतर आठवड्याच्या आत रुग्णास पुन्हा बोलवावे.

औषधालयचालकांस विनंती

निकोटिनयुक्त च्युइंगगम देताना त्याची रीत समजावून सांगावी : सावकाश चघळावा, चुरचुर जाणवताच गालात धरावा, ती ओसरल्यावर पुन्हा चघळावा. त्यापूर्वी पंधरा मिनिटे कॉफी वा शीतपेय घेऊ नये. एरवी मळलेल्या तंबाखूप्रमाणे भराभर चघळल्याने मळमळ होते आणि ग्राहक दुसऱ्या दिवशीच उपाय सोडतो. गर्भिणी व हृद्रोगी यांना मात्र आधी चिकित्सकाकडे पाठवावे.

दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. असे उत्पादन दुकानात ठेवू नये. 'आयुर्वेदिक विडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंपासूनही दूर राहावे. पान कोणतेही जाळले तरी डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच. शास्त्रोक्त प्रायोगिक धूमपानाचा आधार घेऊन तिची भलामण करणे म्हणजे शास्त्राचा विपर्यास होय.

समुपदेशन केंद्र दूर असले तरी वैद्याचे चिकित्सालय व औषधालय प्रत्येक पेठेत आहे. प्रत्येक रुग्णास एक प्रश्न, एक निश्चित दिवस आणि एक पुनर्भेट एवढे जरी आपण दिले, तरी साहाय्य गावातच उभे राहील. येत्या ऊसतोड हंगामापूर्वी सर्व सभासदांनी यास प्रारंभ करावा, ही नम्र विनंती.